उन्हात टिकेल तोच भाग उडवायचा: हाय-पॉवर मॉडेल रॉकेटचे भाग गावात बसून बनवताना

मे महिन्यातली दुपार होती. शेडमधल्या फळीवरचा नोजकोन (रॉकेटचं टोकदार नाक) उचलून नळीत बसवायला गेलो, तर तो जाईना. आदल्या संध्याकाळी तोच नोजकोन अलगद बसत होता. कॅलिपर लावला. नळीत जाणारा गळा एका बाजूने ७५.६ मि.मी. आणि दुसऱ्या बाजूने ७७.१ भरला. गोल गळा लंबगोल झाला होता. बाहेर सावलीत ४४ अंश असतील, पण टिनाखाली टांगलेला थर्मामीटर साठीच्या वर गेला होता. नोजकोन पीएलएचा होता. थ्रीडी प्रिंटिंगमधलं हे सगळ्यात सोपं आणि स्वस्त प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं.

परदेशातल्या लेखांत नि व्हिडिओंत पीएलएचे नोजकोन बिनधास्त उडतात, कारण तिथल्या हवेत ते चालतात. आपल्याकडे वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात भाग उडायच्या आधी शेडमध्येच नापास होतो. त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. कोणताही भाग आधी आपल्या उन्हात ठेवायचा, मग आपल्या हाताने तोडायचा प्रयत्न करायचा, आणि त्यातून वाचला तरच रॉकेटवर चढवायचा. पुढचं सगळं ह्याच नियमाने चालतं.

आमचं गाव आर्वी तालुक्यात आहे. लेझर कटिंग, चांगला प्लाय, फायबरचं कापड ह्यांसाठी नागपूर किंवा अमरावती गाठावी लागते. बाकी कामं गावातला सुतार, ट्रॅक्टर ट्रॉलीचं वेल्डिंग करणारा आणि शिलाई मशीनवाले काका ह्यांच्या मदतीने होतात.

मोटर आणि परवानगी

मोटर म्हणजे रॉकेटला वर ढकलणारं इंधनाचं नळकांडं. ज्या मोटरचा एकूण आवेग (जोर गुणिले जळण्याचा वेळ) १६० न्यूटन-सेकंदांच्या वर जातो ती हाय-पॉवर, म्हणजे एच वर्गापासून पुढे. एच वर्ग ३२० पर्यंत, आय वर्ग ६४० पर्यंत; प्रत्येक पुढच्या अक्षराला मर्यादा दुप्पट होते. ह्या मोटरी खेळण्यातल्या नाहीत.

म्हणून स्पष्ट सांगतो: ह्या लेखात मोटर बनवण्याबद्दल एक अक्षरही नाही, आणि तुम्हीही ती घरी बनवू नका. आपल्या देशात हा विषय स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ खाली येतो. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय नागपुरातच आहे. बारूदाचा अपघात म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. विद्यार्थ्यांच्या संघांना सरळ मार्ग एकच: आयोजक परवान्यानिशी मोटर पुरवतात आणि स्वतःच्या देखरेखीखाली उडवू देतात अशा स्पर्धेत किंवा कार्यक्रमात जायचं. पॅराशूट बाहेर फेकणारा बारूदही त्याच कायद्यात येतो, तोही त्यांच्याच हातात असू द्या. उड्डाणाला जिल्हा प्रशासन, पोलीस आणि विमानवाहतूक खात्याची परवानगी लागते. नागपूरच्या डोक्यावरून देशातले मोठे हवाई मार्ग जातात, त्यामुळे "आपलंच वावर आहे" म्हणून चालत नाही.

आपल्या हातात उरतात मोटर सोडून बाकीचे सगळे भाग. आणि खरी कारागिरी त्यांतच आहे.

आधी कॉम्प्युटरवर

सुरुवात ओपनरॉकेटपासून करा. रॉकेटचं उड्डाण आधी कॉम्प्युटरवर करून बघायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. साम्पो निस्कानेन ह्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने २००९ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ते लिहिलं आणि सर्वांसाठी खुलं ठेवलं. साध्या लॅपटॉपवर चालतं आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. गावात बसून काम करणाऱ्याला ही सोय मोठी आहे.

उदाहरणाला आमचंच रॉकेट घेऊ. नळीचा आतला व्यास ७६ मि.मी., बाहेरचा ८२. लांबी १.६ मीटर. मोटरसकट वजन २.५ किलो. ३८ मि.मी. व्यासाची आय वर्गातली मोटर, सरासरी जोर २०० न्यूटन. वजनाच्या किमान पाचपट जोर हवा, म्हणजे इथे सुमारे १२३ न्यूटन. २०० आहे, म्हणजे आठपट. ठीक आहे.

मग स्थिरता बघा. रॉकेटचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेचा दाबमध्य (हवेचा जोर एकवटतो तो बिंदू) मागे हवा, आणि दोघांत नळीच्या बाहेरच्या व्यासाच्या एक ते दोनपट अंतर हवं. आमच्याकडे दीडपट धरलं, म्हणजे १२३ मि.मी. अंतर कमी पडलं तर रॉकेट गोते खातं. फार जास्त असलं तर वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवून आडवं धावतं.

सॉफ्टवेअर वजनं अंदाजाने धरतं, त्यावर विसंबू नका. प्रत्येक भाग बनला की स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि खरा आकडा टाका. डिंक, एपॉक्सी, रंग ह्यांचंच वजन आमच्याकडे १८० ग्रॅम निघालं आणि त्यातलं बहुतेक शेपटीकडे होतं. त्याने गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि स्थिरता खाल्ली जाते. शेवटी पूर्ण रॉकेट, मोटरच्या वजनाचा वाळू भरलेला नळीचा तुकडा घालून, एका दोरीवर आडवं टांगून तोल बघा. दोरी जिथे तोलते तोच खरा गुरुत्वमध्य.

नळी

ह्यावर फार डोकं खाऊ नका. फ्लेक्स बॅनर छापणाऱ्याकडे रोल संपला की ३ इंची पुठ्ठ्याची नळी उरते. जाड, सरळ, आणि बरेचदा मागितली की मिळते. आमच्या नळीची भिंत ३ मि.मी. आहे. घेताना ती जमिनीवर लोळवून बघा. पोक असेल तर लगेच कळतं. ओल खाल्लेली नळी घेऊ नका.

पुठ्ठा पावसाळ्यात फुगतो. एप्रिलमध्ये सैल बसणारा कपलर (दोन नळ्या आतून जोडणारा नळीचा तुकडा) ऑगस्टमध्ये हातोडीनेही हलत नाही. म्हणून नळी कोरड्या दिवसांत आतून-बाहेरून लाकडी वार्निशने किंवा पातळ केलेल्या एपॉक्सीने बंद करा, विशेषतः दोन्ही तोंडांच्या कडा. ओल कडेतूनच शिरते. बाहेरून फायबरच्या पातळ कापडाचा एक थर चढवला तर फारच छान. पण घासताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. ती धूळ अंगाला आठवडाभर टोचते आणि छातीत गेली तर वाईट.

शेतातला पीव्हीसी पाइप हाताशी असतो म्हणून तो वापरायचा मोह होतो. टाळा. तो जड आहे आणि फुटला की त्याच्या धारदार चिरफळ्या उडतात. पाइपचा उपयोग साचा म्हणून करा: त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद गुंडाळा, त्यावर डिंक लावलेला क्राफ्ट कागद किंवा फायबर चढवा, वाळल्यावर ओढून काढा. मनासारख्या मापाची नळी तयार.

मापाची शिडी

मोटरची नळी मुख्य नळीच्या मधोमध धरून ठेवतात त्या सेंटरिंग रिंगा. ह्या प्लायच्या, लेझरने कापलेल्या असाव्यात. लेझरचा किरण स्वतः ०.१५ ते ०.२ मि.मी. लाकूड जाळून खातो, आणि पुठ्ठ्याची नळी कधी पूर्ण गोल नसते. त्यामुळे कागदावरचं ७६ लाकडात ७६ येत नाही.

नागपूरची खेप वाया जाऊ नये म्हणून आम्ही एकाच वेळी मापाची शिडी कापून आणतो: ७५.६, ७५.८, ७६.०, ७६.२. चारही रिंगांवर लेझरनेच माप कोरून घेतो. घरी येऊन नळीच्या दोन्ही टोकांना बसवून बघायचं. एक सरळ पडते, एक बोटाने सरकते, एक ठोकावी लागते. बोटाने सरकणारी ती आपली, कारण एपॉक्सीलाही जागा लागते. हेच कपलरसाठी आणि नोजकोनच्या गळ्यासाठी करा. प्रिंटरवर पूर्ण नोजकोन काढायला दहा-बारा तास लागतात. आधी फक्त १५ मि.मी. उंचीची गळ्याची चकती काढून बघायला अर्धा-पाऊण तास. आपल्याकडे लाइन कधी जाईल ह्याचा नेम नाही, म्हणून लहान चाचणी तुकड्यांची सवय दुहेरी कामाची. लांब प्रिंटसाठी इन्व्हर्टर हवाच. प्रिंट मधेच थांबून पुन्हा सुरू झाली तर त्या रेषेवर जोड कच्चा राहतो. असा भाग दिसायला चांगला असला तरी रॉकेटवर लावू नका.

फिन: इथे वेळ द्या

रॉकेटचा कोणता भाग मन लावून बनवावा असं कोणी विचारलं तर मी फिन म्हणेन, म्हणजे शेपटीचे पंख. आकार काढणं सोपं आहे. कठीण आहे तो जोड.

आमच्या तीन फिन आहेत: मुळाशी १५० मि.मी., टोकाशी ७०, बाहेर निघालेली उंची ९०. जाडी किती ठेवायची हा पहिला प्रश्न. वेग वाढला की पातळ फिन हवेत फडफडते, झेंडा फडफडावा तशी, आणि सेकंदाच्या आत मुळापासून उखडते. ज्या वेगाला ही फडफड सुरू होते तो वेग जाडीच्या दीडव्या घाताने वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट केली तर मर्यादा जवळजवळ २.८ पट. आमच्या मापांना आणि चांगल्या प्लायला हिशेब मांडला तेव्हा ३ मि.मी.ला ही मर्यादा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास आली आणि ४ मि.मी.ला २७० च्या. सिम्युलेशनमधला कमाल वेग १४० होता. ३ मि.मी.मध्ये कागदावर भागतं, पण बाजारातला प्लाय कागदासारखा नसतो. ४ घेतली.

प्लाय निवडताना दुकानात कंटाळा करू नका. स्वस्त प्लायच्या मधल्या थरात पोकळ्या असतात. तुकडा हातात धरून नाण्याने सगळीकडे वाजवा. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द. कापलेल्या कडेकडेही बघा. वरच्या थराचे रेषे फिनच्या मुळाकडून टोकाकडे गेले पाहिजेत. आडवे गेले तर फिन वाकवल्यावर रेषेवरच मोडते. लेझरवाल्याला फाइल देताना रेषांची दिशा बाणाने दाखवून द्या, नाहीतर तो शीट वाचवायला आकार फिरवून बसवतो. आमच्या पहिल्या फिना अशाच आडव्या निघाल्या होत्या आणि पुन्हा खेप करावी लागली.

बांबूचाही प्रयोग केला. बुरडाकडून बांबूच्या पातळ सारख्या पट्ट्या काढून घेतल्या आणि प्लायच्या पुढच्या कडेला चिकटवल्या. उतरताना फिनची कड ढेकळांवर आपटते, तिथे बांबू प्लायपेक्षा खूप चांगला टिकला. मेळघाट, गडचिरोलीच्या मुलांनी हा प्रयोग पुढे न्यावा असं मनापासून वाटतं. हात आणि माल दोन्ही त्यांच्याकडे आहेत.

आता जोड. फिन नुसती नळीच्या पाठीवर चिकटवू नका. फिनला खाली एक जीभ ठेवा, नळीला खाच पाडा, आणि जीभ खाचेतून आत जाऊन मोटरच्या नळीला टेकू द्या. पुढे-मागे सेंटरिंग रिंगा तिला दाबून धरतात. असा जोड चार ठिकाणी पकडतो: मोटरच्या नळीला, दोन्ही रिंगांना आणि बाहेरच्या नळीला.

खाचा आखायला घरातल्या दोन वस्तू पुरतात. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, ८२ मि.मी. व्यासाला घेर २५७.६ येतो, तो तीन ठिकाणी मोडा, प्रत्येक ८५.९. खुणा झाल्या की लोखंडी अँगलचा तुकडा नळीवर उपडा ठेवा. अँगलच्या दोन्ही कडा नळीवर टेकल्या की तो आपोआप नळीच्या अक्षाला समांतर बसतो. त्याच्या कडेने पेन्सिल ओढा. ही रेष डोळ्यांनी आखलेल्या कोणत्याही रेषेपेक्षा सरळ असते.

चिकटवताना फिन कललेली राहू नये म्हणून पुठ्ठ्याचा साचा करा: मध्ये नळीचं भोक, बाजूला १२० अंशांवर तीन खाचा. असे दोन साचे, एक वर, एक खाली. एपॉक्सी पहाटे कालवा. हवेचं तापमान १० अंशांनी चढलं की एपॉक्सीला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर ३० मिनिटं लिहिलं असेल तर मेच्या दुपारी दहा मिनिटांत कपातच धूर निघतो. खोल कपात न ठेवता पसरट ताटलीत पसरा, म्हणजे ती स्वतःच्या उष्णतेने पेटत नाही. घाईच्या पाच मिनिटांच्या एपॉक्सीवर फिन लावू नका. २४ तासांची साधी अरल्डाईट ह्या कामाला योग्य.

जोड वाळला की कोपऱ्यात गोलाई भरा. एपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवा, वाहणार नाही इतका घट्ट, आणि चमच्याच्या पाठीने ओढा. त्रिज्या मुळाच्या लांबीच्या साधारण ६ टक्के, आमच्याकडे ९ मि.मी. ह्याच गोलाईमुळे फिनवरचा ताण एका रेषेवर न राहता पसरतो. आतली गोलाई विसरतात पुष्कळजण, कारण ती दिसत नाही. मागची रिंग शेवटी लावायची ठेवा, म्हणजे आत हात जातो.

मग तपासा. नळी फळीवर घट्ट बांधा, फिनच्या टोकाला दोरीने १० किलो वजन टांगा आणि दहा मिनिटं थांबा. मुळाशी पांढरी रेघ उमटली की जोड सुटला. कान जवळ नेऊन ऐका, एपॉक्सी सुटताना बारीक 'टक' येतो.

नोजकोन

आवाजाच्या वेगाच्या बऱ्याच खाली उडणाऱ्या रॉकेटला नोजकोनचा नेमका आकार फारसा फरक पाडत नाही. गुळगुळीत असावा, व्यासाच्या तीन-चारपट लांब असावा, आणि गळा किमान एका व्यासाएवढा आत जावा. बस.

पीएलए सोडा. प्रिंटिंगच्या दुसऱ्या प्लास्टिकांत पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं, एएसए १०० च्या आसपास. आम्ही आता एएसए वापरतो, भिंतीला चार थर, आत विरळ भरण. रंग पांढरा. काळा रंग उन्हात हातही लावू देत नाही. प्रिंटचे थर एकमेकांवर ठेवलेल्या पोळ्यांसारखे असतात, ओढले की मोकळे होतात. म्हणून पॅराशूटची ओढ प्लास्टिकवर कधीच येऊ देऊ नका. नोजकोनच्या आत प्लायची चकती बसवा, त्यातून हुक काढा आणि एक लांब आटे पाडलेली सळी टोकापर्यंत न्या. ओढ सळी घेते, प्लास्टिक फक्त आकार धरतं.

प्रिंटर नसेल तर निराश होऊ नका. काटेसावर किंवा पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, लेथवर सहज कातलं जातं. आमच्या सुताराने पुठ्ठ्याचा फर्मा लावून तासाभरात नोजकोन कातून दिला, आतून पोखरला आणि वार्निश केला. वजन प्रिंटपेक्षा ४० ग्रॅम जास्त, पण ते वजन पुढे असल्याने स्थिरतेला उलट फायदाच. मला तो जास्त आवडतो.

इलेक्ट्रॉनिक्सची खोली आणि विहीर

ही खोली म्हणजे कपलरची नळी, दोन्ही टोकांना प्लायची झाकणं, आरपार दोन एम-५ सळ्या, आणि त्यांवर सरकणारी प्लायची फळी. फळीवर अल्टिमीटर, बॅटरी, स्विच. बॅटरी केबल टायने बांधा आणि शेपटीकडच्या बाजूने टेकू द्या. डबल टेपवर तिला सोडू नका, उन्हात तो डिंक सुटतो. तारा पीळ देऊन बांधा. स्विच बाहेरून चालू करता आला पाहिजे.

अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतं, म्हणून खोलीला छिद्रं हवीत. ठोकताळा असा: सुमारे १,६४० घन सें.मी.ला ६.३५ मि.मी.चं एक छिद्र. आमची खोली आतून ७० मि.मी. व्यासाची, १८० लांब, म्हणजे साधारण ६९० घन सें.मी. हे क्षेत्रफळ तीन छिद्रांत वाटलं की प्रत्येकी २.४ मि.मी. येतं. २.५ चा ड्रिल. तीन छिद्रं १२० अंशांवर, कडा घासून गुळगुळीत. कडेला रेषे उभे राहिले तर हवा अडखळते आणि सेन्सर चुकतो.

आता तपासायचं कसं? गावात उंच इमारत नाही, पण विहीर आहे. दर दोन मीटरला गाठ मारलेली दोरी घ्या, खोली बंद करून तिला बांधा आणि कोरड्या भागापर्यंत हळूहळू खाली सोडा. प्रत्येक गाठीला एक मिनिट थांबा. आपल्या हवेत सुमारे ९ मीटरला दाब १ हेक्टोपास्कल बदलतो. बीएमपी-२८० सारखा दोन-तीनशे रुपयांचा सेन्सरसुद्धा मीटरभराचा फरक ओळखतो. दहा मीटर दोरीला दहाच्या आसपास आकडा आला आणि वर आल्यावर पुन्हा शून्य, तर खोली श्वास घेते आहे असं समजा. आमच्या पहिल्या खोलीत आकडा तीन-चार मीटर मागे रेंगाळत होता. उघडून पाहिलं, एका छिद्रावर आतून बॅटरीचा फोम आला होता. जमिनीवर हे कधीच कळलं नसतं. दोरीनेच सोडा, ह्यासाठी विहिरीत उतरू नका.

आणखी एक. काही दाबमापक सेन्सर उजेडालाही बिचकतात. छिद्रातून थेट ऊन पडलं की आकडा उडी मारतो. सेन्सरवर काळ्या मऊ स्पंजचा तुकडा ठेवा. हवा जाते, ऊन जात नाही.

कडुनिंबाला टांगलेले कट्टे

पॅराशूट उघडतं त्या क्षणी रॉकेटला जो झटका बसतो तो उड्डाणातला सगळ्यात मोठा ओढीचा भार. आम्ही तो रॉकेटच्या वजनाच्या ४० पट धरतो. मोटर जळून गेल्यावर आमचं रॉकेट २.३ किलोचं, म्हणजे सुमारे ९२ किलोची ओढ. प्रत्येकी ५० किलोचे सोयाबीनचे दोन कट्टे एवढाच हा भार आहे.

घरासमोरच्या कडुनिंबाच्या फांदीला चाचणीची नळी बांधली, आतल्या बल्कहेडच्या (नळी आडवी बंद करणाऱ्या प्लायच्या चकतीच्या) हुकातून दोर काढला आणि कट्टे खाली लावले. शेजारचे काका थांबून विचारू लागले, "कायले टांगता रे कट्टे झाडाले?" पहिला कट्टा धरला. दुसरा सोडला आणि 'कर्र' असा आवाज आला. चकती तुटली नव्हती, पण हुकाखालचा छोटा वॉशर प्लायमध्ये अर्धा रुतला होता, आणि हुकाचा गोल डोळा जोडापाशी तीन मि.मी. उघडला होता. हवेत हे झालं असतं तर पॅराशूट एकीकडे आणि रॉकेट थेट कोणाच्या तरी वावरात.

आता आम्ही ४ मि.मी.चे दोन प्लाय, रेषे आडवे-उभे करून, चिकटवून ८ मि.मी.ची चकती करतो. वॉशर ३० मि.मी.चा, दोन्ही बाजूंनी. हुकाचा डोळा ट्रॉलीवाल्याकडून वेल्ड करून बंद. त्याच झाडाला, त्याच कट्ट्यांनी, पाच मिनिटं टांगल्यावर काही हललं नाही. प्रत्येक नवीन बल्कहेडला हीच परीक्षा. मुलांना खाली उभं राहू देऊ नका आणि कट्टे जमिनीपासून वीतभरच उचला.

नोजकोन वेळेआधी निघू नये म्हणून लावायच्या एम-२ नायलॉनच्या स्क्रूंची तपासणीही जमिनीवर होते. प्लायच्या चकतीला सायकल ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा आणि पंपाने हवा भरा. ७६ मि.मी. नळीत १ किलो प्रेशरला नोजकोनवर सुमारे ४५ किलोचा जोर येतो. किती प्रेशरला स्क्रू कापले जातात ते गेजवर बघा, तीनदा करा आणि लिहून ठेवा. नोजकोन बंदुकीसारखा सुटतो, म्हणून पुढे भिंतीला गादी लावा, बाजूला उभे राहा, चष्मा घाला. आयोजकांच्या तज्ज्ञाला हा आकडा दिला की पुढचा हिशेब तो करतो.

पॅराशूट आणि रेल बटण

सेकंदाला ६ मीटरने उतरायचं असेल तर २.३ किलोला सपाट गोल कापडाचं पॅराशूट १.३५ मीटर व्यासाचं लागतं. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा विरळ असते, ते धरून हा आकडा आहे. कापड रिपस्टॉप नायलॉन घ्या. शिलाईवाले काका छत्री शिवतात, त्यांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

रेल म्हणजे उडताना रॉकेट सुरुवातीला ज्यावरून सरळ सरकतं ती उभी पट्टी, आणि तिच्या खाचेत सरकतात ती रेल बटणं. ती दोन: एक गुरुत्वमध्याजवळ, दुसरं शेपटीला. दोन्ही आतून प्लायच्या ठोकळ्यात स्क्रू झाली पाहिजेत, नुसत्या पुठ्ठ्यात नाही. रेलवर १.८ मीटरची मोकळी धाव मिळाली तर आमचं रॉकेट सेकंदाला जवळजवळ १६ मीटर वेगाने सुटतं. १५ च्या खाली जाऊ देऊ नका, फिनांना पकड यायला तेवढा वेग लागतो.

उडवायच्या दिवशी

ठिकाण आयोजक ठरवतात, पण आपल्या भागात असेल तर दोन गोष्टींचा आग्रह धरा. ७०० मीटरवरून उतरायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, आणि सेकंदाला ४ मीटरचा वारा तेवढ्यात रॉकेटला साडेचारशे मीटर लांब नेतो. तेवढी जागा वाऱ्याच्या दिशेला मोकळी हवी: विहीर, कालवा, विजेच्या तारा नकोत. हिवाळ्यातली सकाळ उत्तम. दुसरी गोष्ट आग. धुऱ्यावर तुराट्या, पऱ्हाट्या, कुटाराचे ढीग असतात. रेलभोवती १५ मीटर जागा साफ करा आणि फवारणीचे दोन पंप स्वच्छ धुऊन, साधं पाणी भरून तयार ठेवा. माणसं किमान ३० मीटर लांब. रॉकेट सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि रेलवर शेवटी चढवा.

रॉकेट परत आलं की पुसून पिशवीत टाकू नका. तीनही फिना मुळापासून टोकापर्यंत नाण्याने वाजवा आणि उड्डाणाआधी मोबाइलवर घेतलेल्या आवाजाशी ताडून बघा. हुकाचा डोळा कॅलिपरने मोजा. नोजकोनचा गळा दोन दिशांनी मोजा. आकडे वहीत त्या भागाच्या नावापुढे तारखेसह लिहा. आमच्या वहीत दुसऱ्या उड्डाणानंतर एका फिनपुढे 'बद्द' लिहिलेलं आहे. ती फिन कापून पाहिली तेव्हा आतली गोलाई दोन सें.मी. सुटलेली होती.